उघडलंच आहे तर…

क्लच प्लेट बदलायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो तिच्यापर्यंत पोहोचायला. गाडी वर घ्यायची, गिअर ऑइल सोडायचं, ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, माउंटिंग मोकळी करायची, गिअरबॉक्स खाली उतरवायचा, तेव्हा कुठे ती चकती नजरेला पडते. म्हणून मिस्त्री म्हणतो, ‘गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्रेशर प्लेट आणि बेअरिंगपण टाकून घेऊ.’ यात त्याचं काही चुकत नाही. जुनं बेअरिंग सहा महिन्यांनी ओरडायला लागलं तर तीच मजुरी पुन्हा द्यायची. क्रँकच्या मागचं ऑइल सीलही त्याच वेळी दिसतं, पाझरत असेल तर तेव्हाच बदलावं. बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तिथे बेल्ट बदलताना पंपही बदलावा, असं जाणकार सांगतात. बेल्टच्या आयुष्यात मध्येच पंप गळाला तर सगळी उघडझाप पुन्हा नव्यानं.

पंचाईत अशी की हेच वाक्य, याच सुरात, लबाड माणूसही बोलतो. ‘उघडलंच आहे तर’ म्हणत एअर फिल्टरपासून शॉकअबपर्यंत जाता येतं आणि समोरच्याला दोघांतला फरक कळायला मार्ग नसतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला, एवढंच त्याला घरी गेल्यावर उमगतं. मग तो सगळ्याच मिस्त्र्यांना चोर ठरवून मोकळा होतो. मला ते पटत नाही. छोटं काम मोठं होण्यात गैर काही नाही. ते कुणाच्या सांगण्यावरून मोठं झालं, गाडीच्या की खिशाच्या, हे पाहायला हवं. आणि त्याहून जास्त, ते मोठं होणार हे कधी सांगितलं गेलं.

आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका गल्लीतला हा प्रसंग. लेथ, बोअरिंग, फाउंड्री या सगळ्यांचा हा जुना मुलूख. इथे तुटलेल्या वस्तूचं दुःख फार वेळ कुणी करत नाही. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर आपली मारुती 800 घेऊन निघाले आणि सोबतीला मी. मारुती 800 पहिल्यांदा रस्त्यावर आली 1983 च्या डिसेंबरात, आणि 2014 च्या जानेवारीत कंपनीनं ती बनवणं थांबवलं. मास्तरांची त्यातली उतरत्या काळातली. पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी आरटीओत खेटे घालून पाच वर्षांचं पासिंग करून घेतलेलं, त्यामुळे गाडी मोडीत काढायचा विषयही त्यांच्यापुढे काढायचा नाही. दुखणं किरकोळ होतं. सायलेन्सर इंजिनाला जिथे जोडला जातो तिथलं पॅकिंग उडालं होतं आणि गाडी फटफटीसारखी वाजत होती. पॅकिंग दीडशेच्या आत-बाहेर, काम तासाभराचं.

मिस्त्रीनं नटांवर तेल सोडलं, आम्हाला चहा पाजला आणि मग रिंग पाना लावला. पहिला नट कुरकुरत सुटला. दुसऱ्यावर पाना पाव फेरा फिरला आणि त्याचा हात जागीच थांबला. ‘मऊ लागतोय,’ तो म्हणाला. मला आधी वाटलं, बरं झालं, सुटतोय. पण गंजलेला नट सुटतो तो कडकपणे, कट्‌ असा आवाज करून. तो मऊ फिरायला लागला म्हणजे नट जागेवरच आहे आणि आत स्टड पिळला जातोय. त्यानं पाना बाजूला ठेवला, नट गॅसवर लाल होईतो तापवला, पुन्हा तेल सोडलं, मग थोडं मागे, थोडं पुढे, थोडं मागे असं बराच वेळ खेळवलं. तरी स्टड तुटला. मॅनिफोल्डच्या तोंडाशी अगदी सपाट. पकडीत धरायला तीळभरही बाहेर उरला नाही.

तिथे तो बोलायला बसला. म्हणाला, ‘सर, आता ऐका. हा तुकडा गाडीवरच ड्रिल मारून काढायचा प्रयत्न करतो. जागा अडचणीची आहे, जमेल असं छातीठोक सांगत नाही. नाही जमलं तर मॅनिफोल्ड काढायला लागेल. त्याचे स्टड हेडात बसलेत, हेड ॲल्युमिनियमचं, आणि ते स्टडबी याच वयाचे. त्यातला एखादा असाच गेला तर हेड उतरवायची पाळी येऊ शकते. हेड उतरलं की टायमिंग बेल्ट सुटला, हेडचं पॅकिंग नवं आलं, हेड फेसिंगला पाठवायचं, व्हॉल्व घासायचे. आणि एकदा वरनं सिलिंडर दिसला की रिंगांचा विषय निघतोच. आत्ता सगळं बंद आहे. नको म्हणत असाल तर उरलेल्या नटावर आवळून देतो, आवाज थोडा राहील, गाडी घरी जाईल.’

पॅकिंगपासून हाफ इंजिनपर्यंतचा हा रस्ता किती सरळ आहे, हे मास्तरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मास्तरांनाच सुचू शकतो. ‘आत्ता जो तुटला त्याचा खर्च कुणाकडे?’

मिस्त्री हात पुसत थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘गंज गाडीचा, हात माझा. निम्मं-निम्मं करूया की.’

तुकडा ड्रिलनं निघाला, नवे आटे पाडून झाले, संध्याकाळी गाडी घरी आली. या भागात नवल काही नाही. मी त्या निम्म्या-निम्म्यावर अडकलो. माझ्या मते मिस्त्री नको इतका उदार झाला. वर्षानुवर्षं तापून, थंड होऊन, पावसाळे खाऊन सडलेला तो स्टड कुणाच्याही हातात तुटला असता. त्यानं तो घाईनं तोडला असता, तेल न सोडता, न तापवता, लांब नळी लावून एका हिसक्यात, तर अख्खा खर्च त्याचा. पण इथे त्यानं जे करायचं ते सगळं केलं होतं. जबाबदारी हात कुणाचा होता यावर ठरत नाही, त्या हातानं काळजी किती घेतली यावर ठरते. ‘तुमच्याकडे आणली तेव्हा चालत होती’ हे गिऱ्हाइकाचं पेटंट वाक्य ऐकायला बिनतोड लागतं, पण बहुतेक वेळा ते अन्यायाचं असतं. चालत होती, पण कशावर चालत होती? मास्तरांनी शेवटी पूर्ण पैसे दिले की निम्मे, ते मी विचारलं नाही.

त्यानं हे सांगायला निवडलेली वेळ मात्र मला त्या निम्म्याहूनही महत्त्वाची वाटते. हीच सगळी माहिती तो मॅनिफोल्ड काढून झाल्यावर देऊ शकला असता. शब्द तेच, आकडे तेच, सगळं खरं. पण तोवर मास्तरांच्या हातात ‘नको’ म्हणायची सोय उरली नसती. इंजिन उघडं पडलेली गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये नेता येत नाही, भाव करता येत नाही, उद्या सांगतो म्हणून उठता येत नाही. त्यानंतर माणूस जे ‘हो’ म्हणतो ते नावापुरतं. व्यवहारातल्या फसवणुकीला खोटं बोलावंच लागतं असं नाही, खरं उशिरा बोललं तरी काम भागतं.

यावर कायद्यानं काही करता येतं का? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं 1971 मध्ये गाडीदुरुस्तीचा स्वतंत्र कायदा केला. काम सुरू करण्याआधी खर्चाचा लेखी अंदाज द्यायचा, रक्कम त्यापुढे जाणार असेल तर आधी गिऱ्हाइकाची परवानगी घ्यायची, आणि त्यानं मागितले तर काढलेले जुने भाग परत करायचे. नियम चोख होते. तरीही 1992 मध्ये त्याच राज्यात सिअर्स या बलाढ्य कंपनीच्या गॅरेजांवर, नको असलेली कामं गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारल्याचा आरोप सरकारी खात्यानं ठेवला. खात्याची माणसं साधं ब्रेकचं काम निघेल अशा गाड्या घेऊन, ओळख न देता, तिथे गेली होती. बहुतेक ठिकाणी त्यांना भलतीसलती कामं सांगितली गेली. त्याच्या थोडं आधी कंपनीनं पगाराची पद्धत बदलली होती. काउंटरवरच्या सल्लागारांना कमिशन, आणि अमुक इतकी ब्रेकची, तमुक इतकी अलाइनमेंटची कामं निघालीच पाहिजेत असं उद्दिष्ट. या पद्धतीनं चुका घडाव्यात असं वातावरण तयार झालं, हे पुढे कंपनीच्या अध्यक्षांनीच मान्य केलं आणि सल्लागारांचं कमिशन बंद केलं. तिथली सगळी माणसं जन्मजात लबाड होती असं मला वाटत नाही. महिनाअखेरीला आकडा भरायचा असेल तर धडधाकट स्प्रिंगही थकलेली दिसू लागते.

आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, दिलेल्या सेवेचं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. गल्लीतल्या गॅरेजात सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेला हिशेब कुणाकुणाला आठवत असेल. केंद्र सरकारनं 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आल्या. सुटे भाग आणि माहिती मिळण्याची सोय म्हणून ते ठीक आहे. पण मास्तर आणि मिस्त्री यांच्यात त्या दुपारी जे घडलं, तिथवर कुठलं पोर्टल पोहोचणार?

आणि इथे बोट आपल्याकडेही वळतं. सिअर्सनं पगारपत्रकात जे लिहिलं, तेच आपण न लिहिता करतो. मिस्त्री बॉनेट उघडतो, अर्धा तास कान लावतो, इथे दाबून बघतो, तिथली वायर हलवतो, गाडी फिरवून आणतो आणि सांगतो, ‘काही नाही, एक क्लिप ढिली होती.’ किती झाले विचारल्यावर त्यानं तीनशे सांगितले तर आपल्या कपाळावर आठी. नुसतं बघितलं त्याचे तीनशे? डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही, विश्रांती घ्या’ सांगितलं तर आपण हलक्या मनानं फी देऊन बाहेर पडतो. मिस्त्रीच्या वाट्याला तो मान नाही. त्यानं हातात नवं खोकं दिलं, जुना भाग समोर टाकला, तर हजार रुपये बिनतक्रार निघतात. आपण वस्तूचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. मग तो अकलेचे पैसे वस्तूत घालून वसूल करतो. सुट्या भागांच्या दुकानात मिस्त्रीला मिळणारी सूट हा काही गुपित कारभार नव्हे, त्या धंद्यातल्या पोरासोरालाही तो ठाऊक असतो. गाडीला काही झालेलं नाही असं सांगणाऱ्याला आपण उपाशी ठेवायचं आणि मग सगळे काही ना काही झालंय असंच सांगतात म्हणून गळा काढायचा.

मालकाच्या हौसेनं वाढणारी कामं वेगळी. सीटकव्हर बदलायला नेलेली जुनी फियाट वर्षभरानं रंगासकट नवी होऊन बाहेर येते, बायको बोलत नाही, पण तो त्याच्या घरचा प्रश्न. पैसा त्याचा, वेळ त्याचा, फसवणारा आणि फसणारा एकच. फक्त त्या हौसेचं बिल मुलाच्या फीमधून जात नसावं, एवढं बघितलं म्हणजे झालं.

एका गोष्टीबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. कुठल्याही गॅरेजच्या मागच्या अंगाला दोन-तीन गाड्या अशा असतात की ज्यांचं हेड उतरवलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं, टायर बसलेले. काम वाढलं, आकडा सांगितला आणि मालक ‘बघून सांगतो’ म्हणाला तो आजतागायत बघतोच आहे. मिस्त्रीला ती गाडी पूर्ण करता येत नाही, विकता येत नाही, रस्त्यावर ढकलून देता येत नाही. तिनं अडवलेली जागा त्याच्या भाड्यातली. उघडण्याची मजुरी बुडालेली. पावसाळ्यात आत पाणी गेलं तर पुन्हा त्याच्याच नावानं शंख. त्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडेही अशी एक जुनी व्हॅन होती. मास्तरांनी तिची चौकशी केली तेव्हा तो वैतागानं म्हणाला, ‘नको म्हणाले असते तर फक्त उघडल्याचे पैसे घेऊन जोडून दिली असती सर. पण फोनच उचलत नाहीत. आता परवा त्यांच्या घरीच जाऊन येणार आहे.’ मास्तरांनी पत्ता विचारला. त्या वस्तीतली निम्मी घरं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची आहेत, म्हणाले, येतो मीही.