न बोलता दिलेली माहिती



चोरी म्हणजे काय, असे विचारले तर आपण चटकन सांगाल : दुसऱ्याची वस्तू उचलणे. परंतु आपण घेतलेले दुसरे शील ‘जे दिलेले नाही ते न घेणे’ असे आहे. ते वस्तूपाशी थांबते काय?

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, म्हणजे फेडरल रिझर्व्हची, समिती व्याजदर ठरविते. तिच्या बैठकीचा वृत्तांत तीन आठवडे गुप्त राहतो व मग सर्वांना एकाच क्षणी खुला होतो. कारण उघड आहे. बँकेचा कल ज्याला आधी कळेल, तो बाजारात इतरांच्या अज्ञानावर पैसा करील. सप्टेंबर २०१२ च्या बैठकीचा वृत्तांत ४ ऑक्टोबरला निघावयाचा होता. आदल्याच दिवशी त्यातील गुप्त तपशील ‘मेडली’ या संस्थेच्या ग्राहकांच्या हाती पडला. गुंतवणूकदारांना विश्लेषण विकणे हा या संस्थेचा धंदा.

रिचमंडच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष जेफ्री लॅकर यांनी ४ एप्रिल २०१७ रोजी राजीनामा दिला व कबूल केले की, मेडलीच्या विश्लेषकाने तो तपशील आपल्यापुढे काढला तेव्हा आपण बोलण्यास नकार दिला नाही. त्याचा अर्थ दुजोरा असा घेतला जाऊ शकत होता.

आता विचार करा. पैसे घेतल्याचा आरोप नाही, खटला नाही. मग शील मोडले कोठे?

समजा, रेशनच्या दुकानात धान्य आले. ‘आले का हो?’ असे रात्री ओळखीच्याने विचारले आणि दुकानदार नुसता हसला. त्याने एक दाणाही चोरला नाही. पण सकाळी रांगेत शेवटी उभ्या असलेल्या बाईची पिशवी रिकामी राहिली, ती कोणामुळे? धान्य आल्याची बातमी त्याच्या मालकीची नव्हती. ती रांगेतल्या सर्वांची ठेव होती.

मला मात्र त्या पहिल्या मौनापेक्षा दुसरे अधिक बोचते. माणूस बोलता बोलता गोंधळतो, हे समजू शकते. परंतु २०१२ मध्येच बँकेने अंतर्गत चौकशी केली, तेव्हाही लॅकर यांनी ही गोष्ट सांगितली नाही. ती सांगितली २०१५ मध्ये, पुन्हा विचारणा झाल्यावर. तेथे घाई नव्हती, समोर कोणी गळ टाकून बसले नव्हते. विचारणारी त्यांचीच संस्था होती.