विकत दिलेला पाहुणचार

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची एक व्युत्पत्ती आपल्याकडे परंपरेने सांगितली जाते. मनुस्मृतीने त्याच्या मुक्कामाचीही मर्यादा घातली आहे. जो एक रात्र राहतो तो अतिथी, कारण त्याची स्थिती नित्य नसते. या दोन्ही कसोट्या लावल्या तर माझ्या घरी उतरणारा एकही माणूस अतिथी ठरणार नाही. त्याच्या येण्याची तिथी दोन महिने आधी ठरलेली असते, निघण्याची वेळ सकाळी अकराची असते, आणि या दोहोंमधील प्रत्येक रात्रीचे मोल त्याने आगाऊ चुकते केलेले असते. तरीही तो दारात उभा राहिला की माझ्या तोंडून "या, बसा" हेच शब्द निघतात आणि आतून पाण्याचा तांब्या बाहेर येतो. ते शब्द खरे की पैशाची पावती खरी, हा प्रश्न भरभराटीच्या दिवसांत मला कधी पडला नाही. तो मंदीने माझ्यापुढे ठेवला, आणि त्याचे जे उत्तर मी प्रथम दिले ते फारसे भूषणावह नव्हते.

घर पेडणे तालुक्यातले, वडिलोपार्जित. मधोमध राजांगण, समोर लांब वसरी, मागे माडांचे भाट. भावंडे नोकरीधंद्यानिमित्त पांगली आणि एवढ्या मोठ्या घरात चतुर्थीपुरतीच माणसे दिसू लागली. दरवर्षी कौले परतायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे, हा खर्च एकट्याच्या आवाक्यातला राहिला नाही. तेव्हा बँकेचे कर्ज काढून पश्चिमेकडील दोन खोल्या आणि एक लहान स्वयंपाकघर नीट करून घेतले, 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद केली, आणि सुटीसाठी येणाऱ्यांना त्या चार-सहा दिवसांच्या बोलीने देऊ लागलो. त्या उत्पन्नावर घर उभे आहे, हे मी कोणाही पुढे निःसंकोचपणे सांगेन.

संकोच करण्याचे कारणही मला दिसत नाही. परक्याला निवारा देऊन त्याच्याकडून काही घ्यावे, ही रीत आपल्या भूमीला नवी नाही. गोव्यातील देवस्थानांच्या अग्रशाळांतून दूरदूरच्या कुळाव्यांची सोय पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गोव्यातील ख्रिस्ती गावकऱ्यांनी आपापल्या गावाच्या नावाने कुडी चालविल्या. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत दर्यावर्दी माणूस नाममात्र वर्गणी देऊन तेथे आपली पेटी ठेवी आणि अंग टाकी. पैसा घेतला म्हणून त्या कुडीतला आपलेपणा उणावला नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1785 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात एक भेद मांडला आहे. ज्या वस्तूच्या जागी तिच्याइतक्याच मोलाची दुसरी ठेवता येते तिला किंमत असते. ज्याची भरपाई कशानेच होत नाही त्याला प्रतिष्ठा असते. या भेदाने पाहिले तर खोलीला, खाटेला, चादरीला किंमत आहे. त्या खाटेवर निजणाऱ्या माणसाला आणि ती चादर धुणाऱ्या माणसाला मात्र किंमत नाही, प्रतिष्ठा आहे. खोलीचा दर ठरविताना या दोघांचाही दर ठरला, असे यजमान मानू लागला की त्याचे पाऊल घसरले. ही घसरण तेजीत दिसत नाही, कारण तेव्हा सर्वांनाच थोडेफार मिळत असते.

हा व्यवसाय आज ज्या रूपात जगभर पसरला आहे, त्याचा उगमही अडचणीतच झाला. 2007 च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को शहरातील दोन तरुणांना स्वतःच्या जागेचे भाडे भरणे जड झाले. शहरात भरलेल्या एका परिषदेमुळे हॉटेले भरून गेली होती. त्यांनी आपल्याच घरात हवेच्या गाद्या पसरल्या आणि तिघा परक्यांना प्रत्येकी 80 डॉलर घेऊन ठेवून घेतले. त्यातूनच पुढील वर्षी एअरबीएनबी ही कंपनी निघाली. आणि त्याच वर्षी, 15 सप्टेंबर 2008 रोजी, लेहमन ब्रदर्स ही बलाढ्य पेढी दिवाळखोरीत जाऊन जगावर मंदीचे सावट पसरले. ज्यांची मिळकत आटली अशा कित्येकांना राहत्या घरातील एक खोली हाच तेव्हा आधार वाटला. पण दुसऱ्याच्या सुटीवर पोसलेला हा आधार मोठा चंचल आहे. माणसाला चणचण भासू लागली की तो प्रथम प्रवासच रद्द करतो. 2014 च्या अखेरीस रूबल कोसळला तेव्हा मोरजीच्या किनाऱ्यावरील रशियन पाहुणे रोडावले. 23 सप्टेंबर 2019 रोजी थॉमस कुक ही जुनी इंग्रज प्रवासी कंपनी बुडाली, आणि ऐन हंगामाच्या तोंडावर इंग्रज प्रवाशांना आणणारी तिची विमाने बंद झाली. या दोन्ही धक्क्यांतून सावरलेल्यांना 2020 च्या मार्चने गाठले. त्या वर्षी 25 मार्चला, गुढीपाडव्याच्याच दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुढील तिमाहीत देशाचे एकूण उत्पन्न आदल्या वर्षीच्या मानाने एक-पंचमांशाहूनही अधिक घटले. गोव्याची दारे प्रवाशांना पुन्हा उघडली ती 2 जुलैला, आणि तीही अनेक अटींवर.

माझी गोष्ट त्या मधल्या काळातली आहे. एप्रिलमधील सहा दिवसांसाठी बेळगावच्या एका कुटुंबाने दिवसाला चार हजार या दराने चोवीस हजार रुपये आधीच भरले होते. येणे अर्थातच अशक्य झाले. बोली अशी होती की, शेवटच्या पंधरवड्यात बेत रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत. म्हणजे कागद माझ्या बाजूने होता. दुसरीकडे, पाहुणे गेले की खोल्या झाडून-पुसून चादरी धुऊन देणाऱ्या बाईचे काम थांबले होते. तिचा मोबदला खेपेगणिक ठरलेला. खेप नाही तर मोबदला नाही. कागद तिच्या बाबतीतही माझ्याच बाजूने होता. किंबहुना तिच्यापाशी कागदच नव्हता. ती आमच्या भाटातील जुन्या मुंडकार घरातली. घराखालच्या जागेवरून मुंडकाराला हुसकता येऊ नये म्हणून गोव्यात 1975 मध्ये कायदा झाला. तिच्या चुलीखालची जमीन त्याने राखली. चुलीवरच्या भांड्यात काय शिजते, हे पाहणारा कायदा मात्र झालेला नाही.

मी एक तोड काढली आणि तिचा मला बराच अभिमान वाटला. बारा हजार बेळगावला परत पाठविले आणि उरलेल्या बारा हजारांतून त्या बाईला सहा महिने दरमहा दोन हजार द्यायचे ठरविले. बेळगावचे गृहस्थ दूरध्वनीवर म्हणाले, "राहू द्या हो, तुमचंही घर चालायला पाहिजे की." त्यांचे कापडाचे दुकान त्या वेळी बंद होते. त्यांच्या चांगुलपणाने मला हायसे वाटले. तो चांगुलपणा मला दोषी ठरवीत आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आणून दिले त्या बाईने. पहिले दोन हजार पुढे केले तेव्हा ती मागे सरली आणि म्हणाली, "बाब, हे पयशे कसले? काम तर ना." मी म्हटले, ठेव, अडचणीचे दिवस आहेत. तिने पैसे वसरीच्या कठड्यावर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बंद खोल्या उघडल्या. गाद्या उन्हात घातल्या, उशांचा कुबट वास घालविला, न्हाणीघरातली बुरशी घासून काढली. पावसाळ्यात घर महिनाभर बंद राहिले तर त्याचे काय होते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. त्यानंतर ती दर आठवड्याला येत राहिली. मग तिने ते पैसे उचलले.

तिच्या त्या एका प्रश्नाने माझा सारा हिशेब चुकीचा ठरविला. मी ज्याला दान म्हणत होतो ते वेतन होते. घर राखण्याचे काम पाहुणे असोत वा नसोत चालूच असते. मी मात्र ते पाहुणे आले तरच मोजीत होतो. ते वेतन असेल तर ते देणे माझे, कारण घर माझे. आणि देणे माझे असेल तर ते मी बेळगावच्या कुटुंबाच्या बारा हजारांतून भागवीत होतो, याचा अर्थ काय? दोन गरजूंमध्ये मी न्याय केला असे मला वाटत होते. प्रत्यक्षात एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या हाती दिले आणि मधल्यामध्ये उदारपणाचे श्रेय स्वतः घेतले. त्या सबंध व्यवहारात झळ लागली नव्हती ती एकट्या मला. याहून बोचणारी गोष्ट अशी की, त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तहकूब करण्याची सवलत दिली होती आणि मी ती विनासंकोच घेतली होती. सावकाराने माझी अडचण समजून घ्यावी ही माझी अपेक्षा. माझ्या दाराशी आलेल्या अडचणीला मात्र मी बोलीचा कागद दाखवीत होतो.

अशी चूक एकट्यादुकट्याच्याच हातून होते असेही नाही. मार्च 2020 मध्ये एअरबीएनबीने प्रवाशांना संपूर्ण रक्कम परत घेण्याची मुभा दिली आणि यजमानांनी स्वतः घातलेल्या अटी बाजूला सारल्या. निर्णय प्रवाशांच्या दृष्टीने न्याय्यच होता. पण त्याचा भार पडला तो यजमानांवर, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. यजमानांत असंतोष माजला. महिनाअखेरीस कंपनीच्या प्रमुखाने त्यांना विश्वासात न घेतल्याबद्दल क्षमा मागितली आणि त्यांच्या भरपाईसाठी 25 कोटी डॉलर बाजूला काढले. पुढे मे महिन्यात कंपनीने सुमारे 1900 माणसांना, म्हणजे आपल्या चतुर्थांश नोकरवर्गाला, कामावरून कमी केले. दुसऱ्याच्या खर्चाने उदार होणे किती सोपे असते, आणि तोटा आपल्यापासून दूर लोटला की तो कोणाच्या तरी माथ्यावर जाऊन पडतोच, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावरही तितकेच खरे ठरले.

येथे कोणी म्हणेल की, ठरलेली बोली पाळणे हीही नीतीच आहे. ते खरे आहे. पण बोलीमागचे कारणही पाहिले पाहिजे. पैसे परत न देण्याची अट अशासाठी असते की, एकाला जागा दिली म्हणून यजमानाने दुसऱ्याला नाकारलेले असते. 2020 च्या एप्रिलात मी कोणाला नाकारले होते? येऊ शकणारे कोणीच नव्हते. अटीचा प्राण निघून गेला होता, उरले होते तिचे कलेवर. आणि मी त्याच्या आधाराने पैसे धरून बसलो होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळेच यजमान भाटकार नसतात. एखादी विधवा आपल्या घरातील एकच खोली पाहुण्यांना देते, आणि तिचे औषधपाणी त्यावरच चालते. तिने काय करावे? तिला माझा नियम लावणे निष्ठुरपणाचे होईल. मात्र तोट्याने कोणत्या क्रमाने खावे, याचा विचार सर्वांनाच लागू आहे असे मला वाटते. तोट्याने आधी नफा खावा, मग हौस, मग सुखसोय, मग शिल्लक. दुसऱ्याच्या भाकरीपर्यंत त्याने सर्वांत शेवटी पोहोचावे. त्या विधवेपाशी नफा, हौस आणि शिल्लक यांपैकी काहीच नसते. तिची भाकर आणि कामवालीची भाकर एकाच पंक्तीत बसतात, आणि तेथे दोघींनी अर्धी-अर्धी खाण्यापलीकडे नीतिशास्त्रालाही काही सुचविता येत नाही. माझ्यापाशी मात्र पहिल्या तिन्ही गोष्टी होत्या, आणि मी तोट्याला त्यांच्या अंगणातही शिरू दिले नव्हते.

याच विचारातून मी स्वतःपुरते एक सूत्र बांधले : तेजीच्या नफ्यात ज्याचा वाटा नव्हता, त्याच्या माथी मंदीचा तोटा मारू नये. डिसेंबरच्या अखेरीस खोलीचा दर दुप्पट होत असे, तेव्हा त्या बाईची खेप मी दुप्पट मोलाची कधी केली नाही. त्या वेळी ती ठरल्या दराची कामगार होती. मग पाहुणे आटले तेव्हाच ती अचानक माझ्या धंद्यातील भागीदार कशी झाली? प्रवासी परतू लागल्यावर मी दर चार हजारांवरून दोन हजारांवर आणला, आणि तिचा मोबदलाही निम्मा करावा असे क्षणभर मनात आले. चादरी तेवढ्याच होत्या, खोल्या तेवढ्याच होत्या. निम्मे झाले होते ते माझे उत्पन्न. पाहुण्याला दिलेली सवलत नेमकी कोणाच्या खिशातून निघते, हे यजमानाने दर उतरविताना एकदा तरी स्वतःला विचारावे.

या सूत्राने वागल्यास स्पर्धेत मागे पडावे लागेल, हे मी नाकारीत नाही. कामवालीला कमी देणारा शेजारी आणखी दोनशेंनी दर उतरवील, आणि काही पाहुणे त्याच्याकडे जातील. सदाचरण फायद्याचेच ठरते असे आश्वासन देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. सदाचरणाला खर्च येतो. आणि तो आपणच केला, दुसऱ्याला करायला लावला नाही, एवढीच त्याची खूण.

बेळगावचे उरलेले बारा हजार मी पुढे चार-चार हजारांच्या तीन हप्त्यांत पाठविले. गृहस्थांनी एकदा नको म्हटले, मग घेतले. नंतर ते सहकुटुंब येऊन राहिले. दर जो होता तोच घेतला, पावतीही दिली. बाईची आता महिन्याची बांधी आहे, पाहुणे असोत वा नसोत. निघताना त्या गृहस्थांनी वसरीवर उन्हात घातलेल्या गाद्या पाहिल्या आणि म्हणाले, आता कोण येणार आहेत? मी म्हटले, या महिन्यात कोणी नाही. आत ती बाई रिकाम्या खोल्यांच्या खिडक्या उघडीत होती.