तिसऱ्या वर्षी मोठ्या विद्यापीठात

कॅलिफोर्नियात पदवी मिळेपर्यंत दोन संस्थांतून जावे लागणे हा अपवाद नाही. राज्याने उच्चशिक्षणाची आखणीच तशी केली आहे. १९६० च्या ‘मास्टर प्लॅन’ने संस्थांचे तीन थर पाडले. शाळेतल्या गुणवत्तेनुसार वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी), वरच्या एक-तृतीयांशांसाठी राज्य महाविद्यालये (आजची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), आणि ज्याला शिकायचे आहे अशा कोणासाठीही दोन वर्षांचे कम्युनिटी कॉलेज. वरचे दोन दरवाजे इतके अरुंद ठेवूनही योजना लोकांच्या गळी उतरली, कारण खालून वर जाण्याची सोय तिच्यातच होती. पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांवर आणून साठ टक्के जागा शेवटच्या दोन वर्षांसाठी ठेवाव्यात, असे विद्यापीठांना सांगितले गेले. यूसीचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांचा या आराखड्यात मोठा वाटा होता.

सोय असली तरी ती सगळ्यांच्या हाती लागत नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्यांपैकी साधारण एक-तृतीयांश विद्यार्थी चार वर्षांच्या संस्थेत जातात, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास सहा वर्षांत पदवी मिळवतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट किंवा क्युपर्टिनोतल्या मराठी घरांत हा विषय निघतो तेव्हा मात्र चर्चा बहुधा नावापाशीच थांबते. यूसी बर्कलेत प्रवेश मिळत असेल तर विचार कसला करायचा, असा एकूण सूर असतो. खरे तर विचार करायचा तो विद्यापीठाच्या नावाचा नाही, उरलेल्या दोन वर्षांचा. तिथे पोहोचल्यावर नेमके कोणते काम शिल्लक राहणार आहे आणि ते तेवढ्या काळात उरकेल का, एवढ्यावर हा निर्णय तोलता येतो.

मोठ्या सरकारी विद्यापीठाची कमकुवत बाजू म्हणजे त्याची पहिली दोन वर्षे. बर्कलेत पंचेचाळीस हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत. प्राथमिक रसायनशास्त्र, कॅल्क्युलस, अर्थशास्त्राची तोंडओळख हे वर्ग तिथे शेकडोंच्या सभागृहात भरतात. शंका विचारायच्या त्या आठवड्यातून एकदोनदा, पदव्युत्तर विद्यार्थी घेतात त्या छोट्या तासात. हेच विषय कम्युनिटी कॉलेजात तीस-चाळीस जणांच्या वर्गात शिकवले जातात, आणि शिकवणाऱ्यावर संशोधन प्रसिद्ध करण्याचे दडपण नसते. म्हणजे तिसऱ्या वर्षी येणारा विद्यार्थी मोठेपणाचा तोटा टाळतो आणि फायद्यापाशी थेट पोहोचतो: प्रगत विषयांचे लहान वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालये, लहान कॉलेजात कधीच न शिकवले जाणारे विषय. ‘कम्युनिटी कॉलेजातून आलेला’ हे शब्द दबक्या आवाजात उच्चारण्याची पद्धत आहे, तिला शैक्षणिक आधार फारसा नाही. महाराष्ट्रात डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांकडेही असेच बघितले जाते, आणि कार्यशाळेत त्यांचा हात इतरांपेक्षा सफाईने चालतो हे सोयीस्करपणे विसरले जाते.

तोटा वेळेचा असतो, आणि तो आधी दिसत नाही. प्रयोगशाळेत काम मिळवायचे तर प्राध्यापकाशी ओळख हवी, प्रबंध लिहायचा तर मार्गदर्शक हवा, शिफारसपत्र हवे तर वर्षभर बघितलेला कोणीतरी हवा. पहिल्या वर्षी आलेल्याला हे सगळे जमवायला चार वर्षे असतात. मधून आलेल्याला दोन. त्यातही उन्हाळी इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्यांची भरती तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच होते, म्हणजे त्याला अजून इमारतींची नावे पाठ व्हायची असतात तेव्हा. वसतिगृहातल्या मैत्र्या दोन वर्षांपूर्वीच जुळलेल्या असतात.

गुणांचाही प्रश्न आहे. नव्या संस्थेतल्या पहिल्या सत्रात गुण घसरतात, हे जॉन हिल्स यांनी १९६५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले. तेव्हापासून त्याला ‘ट्रान्सफर शॉक’ म्हणतात. बहुतेकजण त्यातून सावरतात. पण यूसीत कम्युनिटी कॉलेजचे श्रेयांक जमा होत असले तरी तिथले गुण सरासरीत धरले जात नाहीत. ही सरासरी (जीपीए) कोऱ्या पाटीवर सुरू होते. ज्याचे आधीचे गुण बेताचे असतील त्याला ही सवलत वाटते, आणि चांगल्या गुणांचा साठा घेऊन आलेल्याला पहिल्या सत्रातली एक खराब श्रेणी शेवटपर्यंत जड जाते, कारण ती झाकायला आता दोनच वर्षांचे विषय असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी मात्र दोन्हीकडचे गुण मोजले जातात. भर म्हणून वेगाचा फरक. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत सेमिस्टर असते, तर यूसीच्या लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, डेव्हिस या कॅम्पसवर दहा आठवड्यांचे क्वार्टर. पहिली चाचणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येऊन ठेपते. डी अँझा आणि फूटहिल ही कम्युनिटी कॉलेजे स्वतःच क्वार्टरवर चालतात, त्यामुळे तिथून लॉस एंजेलिसला जाणाऱ्याला हा झटका कमी बसतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न श्रेयांकांचा. अमेरिकी संसदेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया जातात. देशभराच्या या आकड्यात सर्व तऱ्हेच्या संस्था आल्या. ज्या सरकारी संस्थांमध्ये आपसांत करार आहेत, तिथे चित्र बरे असते. तरीही एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. श्रेयांक ‘स्वीकारला’ याचा अर्थ तो मुख्य विषयाच्या अटीत मोजला असा नाही. ऐच्छिक म्हणून जमा झालेले दहा विषय पदवीला एक सत्रही जवळ आणत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सरकारी संस्थांपुरते कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे चालतो, हे ‘असिस्ट’ या अधिकृत संगणकीय नोंदीत पाहता येते. भारतात २०२१ पासून ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली आहे, पण खात्यात श्रेयांक साठले म्हणून ते पुढच्या विद्यापीठाच्या विभागाला मान्य होतातच असे नाही, तिढा तोच.

म्हणून अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राकडे जाणाऱ्यासाठी निर्णय खरे तर पहिल्याच सत्रात घेतला जातो, त्याला ते कळो वा न कळो. कॅल्क्युलसचे भाग, लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, शिवाय कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्र ही साखळी एकामागून एकच पुरी करता येते. पहिली कडी एका सत्राने चुकली की तिसरे वर्ष एक वर्षाने लांबते. मागणी असलेल्या विषयांना अर्जातच नाव घालावे लागते. आत आल्यावर विषय बदलण्याची वाट जवळपास बंद असते. आपल्याला काय आवडते याचा शोध घ्यायचा असेल तर तो स्वस्तात कम्युनिटी कॉलेजात घ्यावा. मोठ्या विद्यापीठातल्या दोन वर्षांत त्यासाठी जागा नाही.

स्वस्त म्हणजे किती, हेही बघण्यासारखे आहे. राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर पडतात, म्हणजे साठ युनिटांचे २,७६० डॉलर. यूसीचे रहिवाशांसाठीचे शुल्क २०२४-२५ मध्ये वर्षाला १४,४०० डॉलरांच्या आसपास होते. बर्कलेत राहण्या-जेवणाचा खर्च त्याहून जास्त. घरी राहून दोन वर्षे काढण्यातली खरी बचत इथे आहे. राज्याबाहेरच्यांना यूसीत वर्षाला तीस हजारांहून अधिक डॉलर वेगळे मोजावे लागतात, आणि एफ-१ व्हिसावर आलेला विद्यार्थी रहिवासी ठरत नाही. आईवडिलांपैकी एकाच्या एच-१बी व्हिसामुळे एच-४ दर्जा मिळालेला मुलगा रहिवासी ठरू शकतो, पण हा दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो. नेमक्या विद्यापीठातल्या दोन वर्षांतच हा वाढदिवस येतो, आणि शुल्काचा हिशेब पुन्हा मांडायची वेळ येऊ शकते. यावर घरात आधी बोलणे अवघड वाटले तरी टाळण्यासारखे नाही.

लहान खाजगी कॉलेजातून मोठ्या सरकारी विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्याची बाजू मुळातच कच्ची असते. यूसी कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पहिला हक्क देते. मधून घेतलेल्या दहांपैकी नऊजण तिथलेच असतात. खाजगी कॉलेजे ‘असिस्ट’मध्ये नाहीत, त्यामुळे प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम दाखवून मान्यता मिळवावी लागते. हवा असलेला विषय आपल्या कॉलेजात नसेल, तर एवढी यातायात करण्यात अर्थ आहे. एकटे वाटते म्हणून जायचे असेल, तर पंचेचाळीस हजारांच्या गर्दीत ते कमी होईल असे मानायला काही आधार नाही. नावाने ओळखणारा प्राध्यापक सोडून जाणे हे नुकसान आधी मोजावे.

यूसी हा एकमेव पर्याय नव्हे. २०१० च्या कायद्याने आलेली ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ मिळवणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागेची हमी असते. हव्या त्याच कॅम्पसची नव्हे. पण संबंधित विषयात पुढच्या साठ युनिटांत पदवी पुरी होण्याची तरतूद तीत आहे. ही हमी लोकांना रुचत नाही, कारण तिला बर्कलेसारखे नाव चिकटलेले नाही. यूसीतही डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा कॅम्पस अटी पाळणाऱ्याला लेखी हमी देतात. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. हमीचा अर्ज सप्टेंबरात आणि तोही एकाच कॅम्पससाठी, मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू केलेल्याच्या हाती जेमतेम एक वर्ष असते. निकाल वसंतात लागतात आणि होकार एक जूनपर्यंत कळवायचा असतो. श्रेयांकांची पक्की छाननी पुष्कळदा त्यानंतर हाती येते, त्यामुळे काउन्सेलरकडून आणि ‘असिस्ट’वरून आधी तपासून ठेवले तेवढेच होकार देताना विद्यार्थ्याजवळ असते.