खाऱ्या विहिरी आणि गोड पाऊस



पूर्णा नदीच्या काठी, अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न आला असेल. आकाशातून पडते ते पाणी गोड, आणि विहिरीत लागते ते खारे, असे का? पाणी तर एकच नव्हे काय? ह्याचा आज आपण शांतपणे विचार करू.

पृथ्वीवरील पाण्याच्या 100 भागांपैकी सुमारे 97 भाग समुद्रात असून ते सर्व खारट आहे. सूर्याच्या तापाने त्याची वाफ होते व ती डोळ्यांस न दिसता वर जाते. परंतु मीठ वर जात नाही, ते मागेच राहते. मिठाचे पाणी चुलीवर आटवून पाहा. तळाशी मीठ राहते, आणि झाकणावर जमलेले थेंब अळणी लागतात. समुद्राचे पाणी गोड करण्याची देवाची रीत हीच होय. ईयोबाच्या ग्रंथाच्या 36व्या अध्यायात अलीहू पाण्याचे बिंदू वर ओढले जाऊन त्यांचा पाऊस होतो, असे सांगतो. त्या प्राचीन पुरुषाने जे न्याहाळले, ते आपल्या अंगणातही घडत आहे. मे महिन्यात अकोल्यास पारा 45 अंशांच्या वर जातो, तरी रांजणातील पाणी थंड राहते. कारण रांजणाच्या अंगातून झिरपणारे पाणी वाफ होऊन जाताना आतील उष्णता आपल्याबरोबर नेते.

ही वाफ वाऱ्यावर प्रवास करीत जूनच्या मध्याच्या सुमारास आपल्या वऱ्हाडात पोहोचते. सातपुड्याच्या गाविलगड डोंगरांवर हवा उंच चढते, थंड होते, आणि धुळीच्या सूक्ष्म कणांभोवती वाफेचे बारीक थेंब जमतात, तोच मेघ. ज्या धुळीस आपण पायांखाली तुडवितो, तिच्यावाचून मेघाचा थेंब सहसा बनत नाही! ह्याच वाफेचे हिवाळ्यात दंव होते, आणि फार उंच गेली असता गारा होऊन ती गव्हा-हरभऱ्यावर व संत्र्याच्या बागांवर कोसळते. मग पडलेले पाणी पुन्हा परतीच्या वाटेस लागते. पूर्णेचे पाणी चांगदेव येथे तापीस मिळून पश्चिमेच्या समुद्रास जाते. वर्धा नदीचे पाणी पुढे गोदावरीत मिसळून पूर्वेच्या समुद्रास जाते. एकट्या अमरावती जिल्ह्यावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांस वाटला जातो.

तर मग आपल्या विहिरी खाऱ्या का? पूर्णेचे खोरे खोल गाळाने भरलेले आहे. त्या गाळात क्षार आहेत, आणि वरची काळी चिकण माती पाण्याचा निचरा होऊ देत नाही. गोड पाऊस आत मुरतो, कोंडून राहतो व क्षार विरघळवून घेतो. उन्हाळ्यात ती ओल मातीतून वर चढते, वाफ होऊन उडून जाते, आणि क्षार मागे ठेविते. एके काळी ह्या खोऱ्यातील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. पाहा, जे ऊन समुद्राचे पाणी गोड करून वर नेते, तेच ऊन आपली जमीन खारट करिते. पाणी बिघडले ते आकाशात नव्हे. वाट न मिळाल्यामुळे जमिनीत बिघडले.

बंधुजनहो, आपले असेच होत नाही काय? देवाची कृपा आपणांकडे गोड येते. तिला शेजाऱ्याकडे जाण्यास वाट ठेविली नाही, तर तीच अंतःकरणात खारट होते. कोणी म्हणेल, मग पाणी साठवू नये काय? अवश्य साठवावे! साठविणे निराळे आणि कोंडणे निराळे. सातपुड्यावरील पाऊस वान नदीच्या धरणात साठतो व नळाने खारपाणपट्ट्यातील पुष्कळ गावांस पोहोचतो. हे साठविणे वाटण्यासाठी आहे. आपणही छपराचे पाणी टाक्यात घ्यावे, शेततळे खोदावे, मातीत मुरून खारट होण्यापूर्वी गोड थेंब झेलावा.

परंतु त्या टाक्यास कुलूप नसावे. आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळांस गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नसत, हे आम्ही विसरलो नाही. 1927 साली मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे हजारो सोबती प्याले. पिण्याच्या पाण्यासाठीही माणसांस लढावे लागले. ज्यांच्या घराण्याने ती तहान सोसली, त्यांनी उन्हाळ्यात शेजारणीस रिकाम्या घागरीने परत पाठवावे काय? मेघाने तर कोणाचेही छप्पर वगळले नाही. वाफ होऊन वर गेलेले पाणी सुमारे नऊ-दहा दिवसच हवेत राहते, मग खाली येऊन दुसऱ्याचे होते. आमचे म्हणावे असे पाणी आमच्याजवळ आहेच किती?

म्हणून येत्या मृगापूर्वी प्रत्येक मंडळीने आपले छप्पर झाडावे, पन्हळ नीट बसवावी, टाके धुवावे. आणि पहिली घागर भरेल तेव्हा ती कोणाच्या दारी पोहोचवावयाची, हे आजच ठरवावे.