साधनाचा ताळा

हिशेब लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे अचूकपणा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एका सार्वजनिक वाचनालयाचा कोषाध्यक्ष म्हणून दीर्घकाळ काम केल्यावर मला त्याच्याही आधीचे एक कर्तव्य दिसू लागले. आपला हिशेब दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने लिहिणे, हे ते कर्तव्य. किर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज, तेरजेवरून ताळेबंद. आणि यांतल्या कोणत्याही आकड्यावर बोट ठेवून उलट दिशेने मूळ पावतीपर्यंत जाता आले पाहिजे. वह्यांची जागा संगणकावरच्या तक्त्यांनी घेतली तेव्हा बेरजेचे श्रम वाचले, पण तपासणीच्या या साखळीत एक नवा दुवा आला. बेरीज आता यंत्र करते. त्या यंत्राचा ताळा कोणी घ्यायचा?

आमचे वाचनालय एकोणिसाव्या शतकातले. त्याची जुनी दाखल नोंदवही संगणकावर उतरवण्याचे काम आम्ही हाती घेतले, तेव्हा लिबरऑफिसमधील ‘कॅल्क’ या मुक्त स्रोत स्प्रेडशीटचा उपयोग केला. वहीत पुस्तकाचे नाव, देणगीदाराचे नाव, रुपये-आणे-पैशांत किंमत आणि दाखल तारीख. शाई विटलेली, अक्षर मात्र सुवाच्य. शतक पालटण्यापूर्वीच्या तारखाही तक्त्याने तारखा म्हणूनच स्वीकारल्या आणि त्यांच्या क्रमाने नोंदी लावून दिल्या. हे स्वाभाविक वाटेल, पण तसे ते नाही.

स्प्रेडशीट तारीख ठेवते ती एका आकड्याच्या रूपात, ठरावीक शून्य दिवसापासून लोटलेल्या दिवसांची संख्या म्हणून. कॅल्कमधल्या एखाद्या सेलमध्ये शून्य लिहून त्याला तारखेचे रूप दिले, की ३० डिसेंबर १८९९ हा दिवस समोर येतो. वर्षारंभ नाही, शतकारंभ नाही. असा आडवळणाचा दिवस कोणी का निवडावा? याचे उत्तर दुसऱ्याच एका आज्ञावलीच्या चुकीत आहे. १९८३ साली बाजारात आलेल्या ‘लोटस १-२-३’ने १९०० हे लीप वर्ष मानले होते. शंभराने भाग जाणारे, पण चारशेने न जाणारे वर्ष लीप नसते. त्यामुळे २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस कधी उगवलाच नाही. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सेल घडवताना लोटसच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ही चूक जाणूनबुजून पत्करली. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये ६० या आकड्याला तारखेचे रूप दिले, तर तो न उगवलेला दिवस आजही दिसतो. १९०० पूर्वीची तारीख तर तिथे तारीख ठरतच नाही, नुसता मजकूर ठरते.

कॅल्कच्या कर्त्यांपुढे दोन बंधने होती. पंचांगाशी खोटे बोलायचे नव्हते आणि जगभर पसरलेल्या एक्सेलच्या फायलींशी व्यवहारही तोडायचा नव्हता. त्यांनी शून्य दिवस मागे ओढला. त्यामुळे कॅल्कमध्ये ६० म्हणजे २८ फेब्रुवारी १९००, आणि ६१ म्हणजे दोन्हीकडे १ मार्च. तिथून पुढे दोघांचे दिवस जुळतात आणि मागे कॅल्क खरे सांगते. हा निर्णय कुठे दडवलेलाही नाही. गणनेच्या पर्यायांमध्ये शून्य दिवसाचे तीन पर्याय उघडपणे मांडलेले आहेत. त्यांतला एक या आज्ञावलीच्या पूर्वजाची, स्टारकॅल्कची, आठवण म्हणून अजून टिकून आहे. दुसऱ्याची चूक पदरात घेण्याची वेळ प्रत्येक कारकुनावर कधी ना कधी येते. ती पुढे न रेटता निभावून कशी न्यावी, याचा इतका संयत नमुना माझ्या पाहण्यात क्वचितच आला.

चूक कोणाच्याही हातून होते. ती कळल्यावर काय होते, यावर साधनाची पारख व्हावी. ड्रेक्सेल विद्यापीठातील बी. डी. मॅक्‌कलो यांनी स्प्रेडशीटमधील सांख्यिकी सूत्रांची अचूकता वर्षानुवर्षे तपासली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात नुमेरिक हे मुक्त स्रोत स्प्रेडशीट आणि एक्सेल यांची या दृष्टीने तुलना आहे. दोष दोन्हींत आढळले होते. नुमेरिकच्या मोजक्या स्वयंसेवकांनी ते तत्परतेने दुरुस्त केले. एक्सेलमधले कित्येक दोष मात्र आवृत्तीमागून आवृत्ती तसेच राहिले. मनुष्यबळाचा आणि पैशाचा विचार केला तर निकाल उलट लागायला हवा होता.

अर्थात साधन निर्दोष असले तरी ते वापरणारा हात चुकतोच. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरील २०१० सालच्या गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने ते दाखवून दिले, कारण लेखकांनी आपला मूळ तक्ता त्याला दिला होता. त्या चुकीला एक्सेल जबाबदार नव्हते आणि मुक्त स्रोत स्प्रेडशीटने ती टाळलीही नसती. तक्ता दिला गेला, म्हणून ती सापडली.

कॅल्कचा स्वतःचा इतिहास मालक बदलत गेल्याचा आहे. जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २००० साली त्याचा स्रोत ओपनऑफिस या नावाने खुला केला. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अनेक कार्यकर्ते वेगळे झाले आणि ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा करून त्यांनी लिबरऑफिसचे काम सुरू केले. न्यासाला लागणारे ५०,००० युरोंचे भांडवल लोकांच्या देणग्यांतून अवघ्या आठ दिवसांत उभे राहिले. वर्गणीवर वाढलेल्या संस्थेच्या माणसाला या बातमीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मुक्त स्रोताचे गुणगान करणारे एक गोष्ट बहुधा टाळतात. तपासता येणे आणि प्रत्यक्ष तपासले जाणे यांत मोठे अंतर आहे. कॅल्कचा स्रोत मला वाचता येत नाही. माझ्या ओळखीत तो वाचू शकेल असेही कोणी नाही. परंतु वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखापरीक्षणाचा अहवाल तरी किती सभासद वाचतात? तो मेजावर आहे आणि कोणीही उचलू शकतो, एवढ्यानेही पदाधिकाऱ्याचा हात नेमका राहतो. उणिवाही लपवण्याचे कारण नाही. कॅल्कला १६,३८४ स्तंभ सरसकट मिळाले ते २०२२ च्या ७.४ आवृत्तीत, तोवर मर्यादा १,०२४ ची होती. एक्सएलुकअप हे शोधाचे सूत्र आले ते २०२४ च्या २४.८ आवृत्तीत, एक्सेलच्या बऱ्याच मागून. एक्सेलमध्ये लिहिलेले गुंतागुंतीचे मॅक्रो इथे अजूनही अडखळतात.

आमच्या नोंदवहीपुरता माझा निर्णय मात्र झालेला आहे, आणि तो फाइलच्या रचनेमुळे. कॅल्कची ओडीएस फाइल म्हणजे वस्तुतः एक झिप पुडके असते. ते उलगडले की आत कंटेंट.एक्सएमएल नावाची साधी मजकुराची फाइल मिळते, आणि तीत देणगीदारांची नावे देवनागरीत, जशीच्या तशी वाचता येतात. ही रचना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या लिबरऑफिस उरले नाही, तरी पुडके उलगडून कोणत्याही मजकूर-संपादकात ही नोंदवही वाचता येईल.

सार्वजनिक संस्थांचे दप्तर सांभाळणाऱ्या वाचकांना म्हणूनच एक विनंती आहे. हिशेब कोणत्याही आज्ञावलीत लिहा, पण त्याची एक प्रत अशा खुल्या स्वरूपात अवश्य ठेवा. आणि कॅल्क वापरत असाल, तर एखादी बेरीज किंवा तारीख चुकलेली आढळल्यावर हाताने दुरुस्त करून गप्प बसू नका. लिबरऑफिसच्या दोषनोंदणीत ती कळवा. ही नोंदणी सर्वांना खुली आहे आणि तिला शुल्क नाही.