पाच एकरांवरचं पोकळ वर्तुळ

संख्यारेषेवर असमानता दाखवताना शाळेत हमखास मार्क जायचे ते ठिपक्यापायी. क्ष पाचपेक्षा लहान असेल तर ५ वर पोकळ वर्तुळ, लहान किंवा समान असेल तर भरीव ठिपका. बाण दोन्ही वेळी डावीकडेच जातो. फरक एका बिंदूचा, आणि बिंदूला तर लांबीच नसते.

पण त्या बिंदूवर माणूस उभा असला तर? केंद्राच्या २०१९च्या ईडब्ल्यूएस आरक्षणाचे नियम बघा. कुटुंबाची शेतजमीन ५ एकर किंवा जास्त असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, आरक्षण नाही. म्हणजे पोकळ वर्तुळ. आमच्या दहिवलीत ४ एकर ३९ गुंठेवाला आत, आणखी एक गुंठा असलेला बाहेर. (सात-बारा हेक्टरमध्ये, नियम एकरात. करा हिशेब!) कर्जत स्टेशनाजवळची ५ एकर आणि माणदेशातली ५ एकर रेषेवर एकाच जागी, ही आणखी गंमत. ‘लाडकी बहीण’चा ठिपका मात्र भरीव आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नको, बरोबर अडीच लाख चालतं.

रेषा कुठेतरी मारावीच लागते. मीही रोज कोडमध्ये अशा अटी लिहितो, त्याबद्दल तक्रार नाही. मला खटकतं ते ठिपक्याच्या लगेच पुढे काय होतं ते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही. १२ लाख १० हजार झाले तर स्लॅबप्रमाणे कर होतो ६१,५००. पण तेवढा घेत नाहीत. मर्यादेच्या वर जितके कमावले तितकेच, म्हणजे १०,००० घेतात, वर सेस. माझ्यासारख्या पगारदाराला असा उतार बांधून दिलाय. अडीच लाखांवर ५,००० जास्त कमावणाऱ्या घरातल्या बाईचे मात्र वर्षाचे १८,००० सगळेच जातात. तोच उतार तिला लावला तर १३,००० मिळायला हवेत.

कोणी म्हणेल, एवढं बारीक मोजणार कोण? खरंय. माझा पगार रुपयापर्यंत मोजलेला असतो. भात, मजुरी आणि फार्महाऊसवरच्या कामावर चालणाऱ्या घराचं उत्पन्न दाखल्यावर बहुधा अंदाजानेच लिहिलं जातं. जिथे आकडा इतका धूसर आहे, तिथेच आपण सरळ कडा ठेवलाय.