वाढलेल्या संपर्काचा अर्थ

अल्झायमरच्या विकाराविषयी अलीकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात मेंदूच्या रंगीत प्रतिमांचा अर्थ नीट लागण्यापूर्वीच त्यांतून दिलासा काढण्याची जी घाई दिसते, ती मला चिंताजनक वाटते. मेंदूच्या दोन भागांतील संपर्क घटला म्हणजे ऱ्हास आणि वाढला म्हणजे मेंदूने चालविलेली झुंज, हे समीकरण इतके सोयीचे आहे की त्याची फेरतपासणी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आलोइस अल्झायमरने 1906 मध्ये या विकाराचे निवेदन केले, तेव्हापासूनचा इतिहास येथे उगाळीत नाही. मेंदूच्या एंटोऱ्हायनल बाह्यकातून स्मृती नोंदविणाऱ्या हिप्पोकॅम्पसकडे जाणारे तंतू ज्या पेशींतून निघतात, त्याच पेशी विकाराच्या आरंभी प्रथिनांच्या गाठींनी ग्रासल्या जातात. तेव्हा स्मृतीच्या दफ्तरात नोंद पोहोचविणारी वाटच प्रथम खचते, हे आता निर्विवाद आहे. विश्रांतीच्या वेळी एका लयीत चालणारे पश्च सिंग्युलेट हा मेंदूचा भाग आणि हिप्पोकॅम्पस यांच्यातील मेळ विकारात सैल पडतो, हे मायकेल ग्रेशियस व सहकाऱ्यांनी 2004 साली दाखविले. मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन धुऊन काढले की कार्यभाग साधला, असे मानणाऱ्यांना एवढेच सांगणे पुरे की, 2023 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या लेकॅनेमॅब या अमायलॉइडविरोधी औषधाने ऱ्हासाची गती मंदावते, गेलेली स्मृती परतत नाही.

माझा खरा वाद आहे तो भरपाईच्या सिद्धान्ताशी, म्हणजे वाढलेली क्रिया ही मेंदूने ऱ्हासाची केलेली भरपाई होय, या मताशी. सौम्य स्मृतिदोषाच्या अवस्थेत हिप्पोकॅम्पस निरोगी वृद्धांपेक्षा अधिक क्रियाशील आढळतो, ही गोष्ट खरी. पण ती क्रिया रुग्णाच्या उपयोगी पडते, हे त्यावरून कसे सिद्ध व्हावे? या प्रतिमा रक्तातील प्राणवायूच्या चढउतारावर बेतलेल्या असतात आणि दोन भागांचे चढउतार जुळले की त्यांना संपर्क म्हटले जाते. वास्तविक तिसऱ्याच भागाच्या प्रभावाखाली ते दोघे एकत्र डोलत असतील. भरपाई म्हणावयाची तर ती क्रिया दडपली असता कार्य बिघडले पाहिजे.

नेमकी हीच कसोटी आर्नोल्ड बाकर, मिशेला गॅलाघर आदींनी 2012 साली लावली. सौम्य स्मृतिदोष असलेल्या एका लहान गटातील रुग्णांस वस्तूंची चित्रे दाखवून, प्रत्येक चित्र नवे, पूर्वी पाहिलेले की पूर्वीच्याशी मिळतेजुळते, एवढेच विचारले गेले. अपस्मारावरील लेव्हेटिरासेटाम अल्प मात्रेत दिले असता हिप्पोकॅम्पसच्या एका भागातील अतिक्रिया उतरली आणि त्याबरोबर ओळखण्याचे काम सुधारले. या औषधाने विकाराची चाल थांबते, असे मुळीच सिद्ध झालेले नाही आणि तसा माझा दावाही नाही. परंतु जी वाढ उतरताच कार्य सुधारते, तिला भरपाई म्हणण्यास आधार उरत नाही.

म्हणून प्रयत्नाने आलेली वाढ आणि अंकुश सुटल्याने आलेली वाढ, हा भेद मी अत्यावश्यक मानतो. उंदरांवरील प्रयोगांत अमायलॉइडच्या साचलेल्या गोळ्यांजवळील चेतापेशी अवाजवी चेतलेल्या आढळल्या आहेत आणि चेतासंधींची क्रिया वाढली की अमायलॉइडचा स्राव वाढतो, हेही दिसले आहे. तेव्हा ज्या क्रियेला आपण बचाव म्हणतो, तीच रोगाला रसद पुरवीत असण्याचा संभव आहे. निरोगी वृद्धांच्या अग्रखंडातील क्रियेची वाढ कदाचित खरीच भरपाई असेल, ही शक्यता मी नाकारीत नाही; मात्र तिथेही हीच कसोटी लावली गेली पाहिजे, आणि ती लागेपर्यंत रुग्णाच्या आप्तांना वाढलेला संपर्क दाखवून धीर देण्याचा अधिकार कोणासही नाही.